खाण संपली, आता गवत द्या

(रोहा, जि. रायगड येथील शेतकऱ्यांच्या बैठकीत वणी-राजुरा भागातील कार्यकर्त्यांच्या वतीने झालेल्या भाषणाचा हा मजकूर. कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांत होणाऱ्या बैठकांमध्ये त्याचे वाचन व्हावे आणि चर्चा व्हावी म्हणून छापत आहोत.)



रोह्याला बैठकीला जायचे आहे असे आम्ही गावात सांगितले तेव्हा म्हातारी माणसे हसली. आमच्याकडे रोही म्हणजे नीलगाय. तूर, हरभरा, कोवळी कपाशी एका रात्रीत फस्त करणारे जनावर. "रोह्यांनी इथे छळले ते कमी झाले का, म्हणून आता त्यांच्या गावाला निघाले?" असे एका आजोबांनी विचारले. चेष्टा राहू द्या. पण आज जे मांडायचे आहे त्यात रोही आहे, रानडुक्कर आहे, वाघ-बिबट्या आहे आणि आपल्या दावणीची गाय, बैल आणि शेळीही आहे.

तुमचे पीक भात, आमचे कापूस आणि ज्वारी. तुमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आमच्याकडे हजाराच्या आतबाहेर. तरी एक दुखणे सारखे आहे. आमच्या वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशासाठी जमीन खणली जाते. तुमच्या जिल्ह्यात दगड आणि मुरुमासाठी डोंगर फोडले जातात, श्रीवर्धनच्या बाजूला बॉक्साइट आहे. खणून झाल्यावर खणणारा निघून जातो. मागे राहतो तो खड्डा, ढिगारा आणि गाव. त्या खड्ड्याचे आणि ढिगाऱ्याचे पुढे काय करायचे, एवढाच आजचा विषय आहे.

सातबाऱ्यावर न दिसणारे नुकसान

कोळशाच्या खाणीसाठी आमच्याकडची बहुतेक जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याने गेली. या कायद्यात जमीन सरकारकडे जाते आणि सरकारकडून सरकारी कंपनीकडे. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वेकोलि, १९७५ सालापासून नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत कोळसा काढते आहे. मोबदला किती मिळाला, नोकरी कोणाला लागली, यावर आपण खूप भांडलो आणि भांडत राहू. पण हे सगळे भांडण सातबाऱ्याचे आहे. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मोबदला.

गावात सातबाऱ्याच्या बाहेरची जमीन असते. आमच्याकडे तिला ई-क्लास म्हणतात, तुम्ही गायरान म्हणता. चंद्रपूरकडे जंगलावरचे निस्ताराचे हक्क आहेत, म्हणजे जळतण, गवत, चराई. ही जमीन खाणीत गेली की पैसे कोणाला मिळतात? गुराख्याला नाही. दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला नाही. ज्याची जमीन शिल्लक आहे पण चराई बुडाली, त्या शेतकऱ्यालाही नाही. नुकसान मात्र याच लोकांचे होते आणि ते दरवर्षी होते.

त्यात आमच्याकडे सोयाबीन आले आणि ज्वारी मागे पडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनच्या कुटारावर बैल जगतो, पण कामाला उभा राहत नाही. कडबा नाही आणि चराईही नाही, मग बैल विकायचा आणि ट्रॅक्टरचे भाडे भरायचे. शेतीच्या खर्चाचा हिशोब मांडताना आपण बियाणे, खत, फवारणी, मजुरी धरतो. गेलेल्या कुरणाची किंमत त्यात कोणी धरत नाही. ती धरली तर कापसाचा तोटा आणखी मोठा दिसेल.

उलटी पडलेली जमीन

उघडी खाण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कोळसा खाली असतो. त्याच्यावरची माती, मुरुम, वाळूचा दगड, चिकणमाती उचलून बाजूला टाकतात. सगळ्यात वरची काळी माती आधी निघते, म्हणून ढिगाऱ्यात ती सगळ्यात खाली गाडली जाते. सगळ्यात खालचा दगड शेवटी निघतो आणि ढिगाऱ्याच्या माथ्यावर बसतो. म्हणजे जमीन उलटी होते. माथ्यावर जो माल येतो त्यात सेंद्रिय काही नाही, नत्र नाही, पाणी धरायची ताकद नाही. पावसाळ्यात तो वाहतो आणि शेजारच्या शेतात, नाल्यात येऊन बसतो. ज्यांची शेते ढिगाऱ्याला लागून आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही.

ही जमीन पुन्हा कापसाची होईल का? स्पष्ट सांगतो, आपल्या हयातीत होणार नाही. काळी माती व्हायला हजारो वर्षे लागतात. जो कोणी "जमीन पूर्ववत करून देऊ" म्हणतो त्याला विचारा की पूर्ववत म्हणजे काय, कागदावर लिहून द्या. पण गवताची होईल का? होईल. दगडमातीच्या ढिगाऱ्यावर जीव आणता येतो हे आपल्याच भागात दाखवून झाले आहे. सावनेर तालुक्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. तिथल्या ओसाड ढिगाऱ्यावर नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने साखर कारखान्याची मळी मिसळली, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांना साथ देणारी बुरशी वापरली आणि झाडे उभी केली. यात परदेशी यंत्र नाही. मळी, शेण, जिवाणू खत आणि वेळ. जे आपण शेतात करतो तेच.

काटेरी रान म्हणजे अभयारण्य नव्हे

आता कोणी म्हणेल की ढिगाऱ्यांवर हिरवळ आहेच की. चंद्रपूरकडे जाताना गाडीतून हिरवे डोंगर दिसतात. जवळ जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी विलायती बाभूळ आहे, कोणी तिला वेडी बाभूळ म्हणतात. तिच्या खाली गवत येत नाही. आत गुरे शिरत नाहीत, माणूस शिरत नाही. शिरतात ती रानडुकरे, आणि डुकरांच्या मागे बिबट्या, बिबट्याच्या मागे वाघ. दिवसभर काट्यात लपायचे आणि रात्री शेतात उतरायचे. आमची जागल वाढली ती अशी.

पिकापुरते असते तरी सोसले असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारले. लगेच शेजारच्या दुर्गापूरला बिबट्याने एका मुलाला उचलले. त्यानंतर सगळ्यांचे लक्ष तिथल्या झुडपांकडे गेले. ती झुडपे काही एका वर्षात वाढलेली नव्हती. मोकळी सोडलेली जमीन मोकळी राहत नाही. तिथे काय उगवावे हे आपण ठरवले नाही तर वेडी बाभूळ ठरवते.

शहरातले लोक या रानाकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, खाणीच्या जागी वन्यजीव परत आले. आमचे म्हणणे असे की जनावर घराच्या भिंतीला लागून लपून राहते, याला वन्यजीवन म्हणत नाहीत. त्यात जनावराचेही भले नाही. तुमच्याकडे फणसाडचे अभयारण्य आहे, मुरुड आणि रोहा तालुक्यांत. जंजिऱ्याच्या नवाबाचे ते शिकारीचे रान, १९८६ साली अभयारण्य झाले. तिथे शेकरू आहे, सांबर आहे, कारण झाडे जुनी आहेत आणि पाणी आहे. तसले रान ढिगाऱ्यावर उभे राहणार नाही. आमच्याकडच्या कोरड्या माळाचे खरे वन्यजीवन गवतातले आहे. काळवीट, लांडगा, ससा, तितर, माळढोक, तणमोर. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे, २००० साली जाहीर झालेले, जेमतेम १८ चौरस किलोमीटर. ते गवताचे रान आहे. अकोला-वाशिम भागात फासेपारधी समाजाच्या लोकांनीच पुढे येऊन गवताची राने राखली आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून हिणवले त्यांना गवत आणि पाखरू यांचे नाते पुस्तक न वाचता ठाऊक होते.

गवत आले म्हणजे रोही शेतात येणार नाही, असे आम्ही सांगत नाही. येईल. पण मोकळ्या गवतात डुकराला दडायला जागा नसते, बिबट्याला दबा धरता येत नाही, आणि जनावर लांबून दिसते. निम्मी लढाई तिथेच संपते. उरलेल्या निम्म्यासाठी कुंपण लागेल आणि त्याचा खर्च खाणवाल्याच्या हिशोबात गेला पाहिजे.

कायदा आपल्या बाजूला आहे, कागद वाचा

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. ओडिशातल्या बेकायदा खाणींच्या प्रकरणातला तो आदेश, आणि खंडपीठाचे प्रमुख होते आपल्या नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे. न्यायालयाने म्हटले की खाणींच्या भागातले गवत पार नाहीसे होते आणि चरणाऱ्या जनावरांना चारा मिळत नाही. म्हणून खाणपट्टा, पर्यावरण मंजुरी आणि खाण आराखडा यांत केंद्र सरकारने अट घालावी की खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने स्वतःच्या खर्चाने पुन्हा गवत लावावे, आणि चारा, वनस्पती, प्राणी यांना योग्य होईल अशा स्थितीत जमीन आणावी. नुसता खड्डा नव्हे, खाणीमुळे बिघडलेली आजूबाजूची जमीनसुद्धा.

भावांनो, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने चारा हा शब्द वापरला आहे. आपण इतकी वर्षे मोबदला, नोकरी, पुनर्वसन हेच शब्द घेऊन बसलो. आता चारा हा शब्द घेऊन उभे राहू.

पैसा कुठून येणार, तेही पाहू. कोळसा खाणींसाठी २००९ साली केंद्राने खाण बंद करण्याचे नियम केले. उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवायचे, म्हणजे एस्क्रो खात्यात. नंतर हा आकडा वाढवला गेला. ६ लाखानेच हिशोब करा. २०० हेक्टरची खाण असेल तर १२ कोटी रुपये. हा पैसा खाण चालू असतानाच जमा होत जातो, आणि २००९ च्या नियमांत काम होईल तसतसा त्यातला ८० टक्क्यांपर्यंत कंपनीला परत मिळण्याची सोय होती. आता विचारायचे एवढेच की परत दिले ते कोणते काम पाहून? आमच्या गावाला लागून किती हेक्टरवर गवत आले? मोजायला कोण आले होते?

दुसरीकडे सरकारचा मनसुबा पाहा. १३ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा संपलेल्या जमिनीच्या वापराचे धोरण मंजूर केले. त्यात कोळसा धुण्याचे कारखाने आहेत, रेल्वेच्या बाजूपट्ट्या आहेत, वीज प्रकल्प आहेत, भरपाईची वृक्षलागवड आहे, विस्थापितांची घरे आहेत. गुरांच्या चराईचे नाव त्या यादीत नाही. जमिनीची मालकी कंपनीकडेच राहते. म्हणजे एका हाताने न्यायालय चारा द्या म्हणते आणि दुसऱ्या हाताने सरकार ती जमीन पुढच्या धंद्याला लावते. आपण गप्प बसलो तर दुसरा हात जिंकेल.

दुसरीकडे काय झाले

अमेरिकेत १९७७ साली उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा झाला. खाणीचा परवाना हवा असेल तर आधी जामीनरक्कम भरा. वरची माती वेगळी काढून ठेवा. खाणीआधी जमिनीचा जो उपयोग होता, त्या लायकीची जमीन परत करा. आणि पेरले म्हणजे सुटले नाही. शेवटच्या पेरणीपासून ५ वर्षे जबाबदारी कंपनीची, कमी पावसाच्या भागात १० वर्षे. ही १० वर्षांची अट आमच्या कोरडवाहू माणसाने लक्षात ठेवावी. केंटकी नावाच्या राज्यात खाणीच्या जागी झालेल्या गवताळ माळांवर १९९७ साली एल्क नावाचे मोठे हरीण आणून सोडले. शंभराहून जास्त वर्षे ते तिथून नाहीसे झालेले होते. आज तिथे त्याचे कळप आहेत. पण तिथेही कंपन्या दिवाळखोर निघाल्या आणि जामीन अपुरा पडला, हेही खरे आहे. म्हणून रक्कम पुरेशी हवी आणि ती आधी हवी.

गवत कसे आणायचे

हे काम ठेकेदाराच्या रोपवाटिकेवर सोडू नका. आपल्याला येते ते आपण सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट मातीची. वरची काळी माती वेगळी काढायची आणि वेगळी ठेवायची. उंच ढीग करून वर्षानुवर्षे ठेवली तर तिच्यातला जीव मरतो. एका बाजूला खणत जावे आणि दुसऱ्या बाजूला भरून झालेल्या जागेवर ताजी माती पसरत जावे.

दुसरी गोष्ट उताराची. नुसता ओतलेला ढिगारा उभा असतो, त्याच्यावर बी टिकत नाही. मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवा असे असते. गुरांना चढायचे असेल तर त्याहून कमी हवा. पायऱ्या पाडा, बांध घाला, पायथ्याशी चर खणा आणि गाळ अडवायला तळे करा.

तिसरी गोष्ट बियाण्याची. झाड आधी नको, गवत आधी. मारवेल, पवन्या, शेडा ही आपल्या धुऱ्यावरची गवते. दिवाळीनंतर बी पिकते तेव्हा बाया-माणसांना मजुरी देऊन ते गोळा करावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे वाण काढले आहेत, तेही घ्यावेत. सोबत स्टायलोसारखे द्विदल पेरावे, ते नत्र धरते. शेणखत किंवा मळी टाकून पहिल्या पावसाला पेरणी. कुसळीचा भरणा नको, जनावराच्या तोंडाला आणि मेंढीच्या कातडीला ती टोचते.

चौथी गोष्ट राखणीची. पहिली दोन-तीन वर्षे गुरे सोडायची नाहीत. कापून न्यायचे. ही गोष्ट आपल्याच लोकांना पटवावी लागेल, कंपनीला नाही. मग कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चराई. विलायती बाभूळ, रायमुनिया, गाजरगवत दरवर्षी मुळासकट काढायचे. झाडे लावायची ती मोजकी आणि विरळ: बोर, पळस, खैर, देशी बाभूळ.

पाचवी गोष्ट पाण्याची. शेवटच्या खड्ड्यात पाणी साठते. उभ्या कड्याच्या खड्ड्यात जनावर पडले तर वर येत नाही. एक बाजू उताराची करून द्या, बाकीच्या बाजूंना कुंपण घाला, आणि पाणी तपासल्याशिवाय गुरांना पाजू नका. ज्या ढिगाऱ्यात कोळसा पेटलेला आहे, धूर निघतो, तिथे आधी आग विझवा, मग गवताचे बोला.

सहावी गोष्ट शेताची. कुरण आणि पिकाची शेते यांच्यामध्ये रुंद मोकळा पट्टा ठेवायचा, तिथले गवत कायम कापलेले असले पाहिजे. रोही-डुकराला शेतापर्यंत आडोसा मिळता कामा नये.

मागायचे कुठे

पेणच्या शेतकऱ्यांना लढणे शिकवायला आम्ही आलेलो नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर मतदान केले आणि मत देणाऱ्या बहुसंख्यांनी जमीन देणार नाही असे सांगितले. ते संपादन पुढे गेले नाही. आम्ही कापूसवाले ते वाचून आजही म्हणतो, असे मत आम्हाला कोणी विचारले असते तर! पण नाही म्हणणे जितके महत्त्वाचे तितकेच, जिथे खाण होऊन गेली तिथे काय हवे ते सांगणे महत्त्वाचे.

२०१२ सालापासून, सर्वोच्च न्यायालयाच्या दीपक कुमार प्रकरणातल्या आदेशानंतर, दगड-मुरुमासारख्या गौण खनिजाच्या लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते. ती मंजुरी हा आपला कागद आहे. मोठ्या खाणीची जनसुनावणी होते तेव्हा भाषण करून घरी येऊ नका. लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. मंजुरीतल्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल खाणवाल्याने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो मागून घ्या. देत नसतील तर माहितीचा अधिकार आहे.

आमच्या जिल्हा बैठकांपुढे आम्ही पाच मागण्या ठेवल्या आहेत. तुम्हीही त्यावर विचार करावा.

१. प्रत्येक बंद आणि चालू खाणीत गवत लावलेली जमीन किती हेक्टर, हे गट नंबरासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे.

२. खाणीत जेवढे गायरान, ई-क्लास आणि निस्ताराचे रान गेले, किमान तेवढी पुनर्भरण केलेली जमीन चराईसाठी राखून ठेवावी आणि तिचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे द्यावे.

३. एस्क्रो खात्यातला पैसा कंपनीला परत देण्याआधी ग्रामसभेने जागा पाहून ठराव करावा. ठराव नाही तर पैसा नाही.

४. पेरणीनंतर १० वर्षे जबाबदारी खाणवाल्याची.

५. ढिगाऱ्यालगतच्या शेतांचे कुंपण आणि विलायती बाभळीची सफाई खाण बंद करण्याच्या खर्चात धरावी.

यात भीक कुठेही नाही. कोळसा निघाला, वीज झाली, ती वीज मुंबईपर्यंत गेली. दगड निघाला, त्याचे रस्ते झाले, त्या रस्त्यांवरून आम्ही आज इथे आलो. त्या मालाच्या किमतीत आमच्या गवताची किंमत कोणी धरली नव्हती. ती उधारी आहे, आणि उधारी मागायला लाज वाटायचे कारण नाही.

येत्या पावसाळ्याआधी आपापल्या गावाजवळची एकेक खाण किंवा पडकी दगडखाण निवडा. चार माणसे जाऊन पाहा, किती हेक्टर, काय उगवले आहे, पाणी कुठे आहे, गुरे कुठून जाऊ शकतील, हे वहीत लिहा. ती वही पुढच्या बैठकीला घेऊन या. तिथून पुढचे आपण मिळून ठरवू.